बाईजवळ बाई

कोठडीच्या ऑफिसातला कारकून भर दुपारी आमच्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी विजारीचं माप चुकलं. माझा नवरा शिवणकाम करायचा. आमचं गाव मुळशी तालुक्यातलं, बाजाराचं. पोलिसांच्या खाकी कपड्यांची उसवण-शिवण आमच्याकडेच यायची. पण कारकुनाच्या हातात कपडा नव्हता. तो नवऱ्याशी बोलायला लागला आणि बघत राहिला माझ्याकडे.

"बाई फायनल पास आहेत ना?"

"हायेत," नवरा म्हणाला. "का?"

कारकून पुण्याचा होता, स्वच्छ बोलायचा. त्यानं सांगितलं, की कोठडीत एक बाई आणली आहे. दारूबंदीच्या कायद्याखाली धरलेली. बाई कैदी असली की तिच्याजवळ बाईच हवी, असा नियम आहे. झडती बाईनंच घ्यायची, जेवण बाईनंच द्यायचं, दिवसभर लक्षही बाईनंच ठेवायचं. कोठडीवर तशी कायम नेमलेली कुणी नव्हती, म्हणून कैदी आली की गावातली एखादी बाई रोजावर घ्यायचे. रात्री झाडलोट करणारी म्हातारी तिथं झोपायची. दिवसाचं कुणी मिळत नव्हतं.

"आमच्याच घरी का आला?" नवऱ्यानं विचारलं.

"खरं सांगू? तीन घरं फिरून आलो. तुमची इथं कुणाशी सोयरीक नाही. ती बाई कोणत्या भावकीतली, कुणाची कोण, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. बाकी कुठल्याही घरी गेलो तर तिचा कुणीतरी मामा नाहीतर दीर निघतो."

ते खरं होतं. बाजारपेठेत आम्हा मुसलमानांची चार-पाच घरं. बोलणं त्यांचं तेच आमचं, भाकरी-कालवण तेच. पण लग्नाच्या पंगतीत आणि भावकीच्या भांडणात आम्हाला कुणी ओढत नसे.

कारकून गेल्यावर नवरा मशीनवरून उठला नाही. म्हणाला, "बाकीच्यांनी न्हाई म्हटलेलं काम हितं येतंय, तवा त्यात कायतरी काळंबेरं असणार."

मलाही तसंच वाटत होतं. तरी मी गेले. अब्बांनी मला फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत शिकवलं होतं आणि त्या शिकण्याचा उपयोग आजवर फक्त बाहेरगावच्या पत्रांना झाला होता. कुणीतरी ते शिक्षण विचारत आलं, याचं मला बरं वाटलं. आणि कोठडी आतून बघायची होती, हेही खरं.

आवारात समोरासमोर दोन खोल्या होत्या. मोठी पुरुषांची, गजांची. समोरची लहान, तिथं एरवी पकडलेल्या दारूचे डबे आणि गुळाच्या ढेपी ठेवायचे. डबे हलवून तीच बायकांची कोठडी केली होती. फरशीला अजून आंबूस वास होता. अंगणाच्या कोपऱ्यात संडास; तीन बाजूंनी भिंत आणि चौथी बाजू उघडी, पुरुषांच्या गजांकडे तोंड करून.

बाई भिंतीला टेकून उभी होती. पंचेचाळिशीची असेल. डोंगराकडच्या एका वाडीची. अंगानं सडपातळ, हात कुदळ धरणाऱ्याचे. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तू कुणाची?"

"शिवणकामवाल्याची."

"हितं कुणी धाडली?"

"सरकारनं."

"सरकारला काय तोंड हाय व्हय? नाव सांग."

मी कारकुनाचं सांगितलं. तिनं मान हलवली, म्हणजे पटलं नाही. मग मी झडती घेतली. दुसऱ्या बाईच्या ओच्यात आणि कासोट्यात हात घालायचा, हे काय असतं ते केल्याशिवाय कळत नाही. कनवटीला मिशेरीची एक चपटी डबी निघाली. बाहेर हवालदार उभा होता, त्यानं ती मागून घेतली.

"दात बी घासायचं न्हाई का?" ती म्हणाली.

हवालदार मोठ्या अंगाचा, हसतमुख माणूस. त्यानं मला ऑफिसात बसवून चहा दिला. कारकून शेजारच्याच टेबलावर लिहीत होता. हवालदार म्हणाला, "बाई, ती लई नाटकी हाय. तिच्या घरामागच्या ओढ्यात भट्टी सापडली, आन म्हणती दिरानं आणून ठिवली. जमिनीचा वाद हाय म्हणं. तुमी निस्तं ऐकायचं. दिवसभरात काय काय बोलली, कुणाचं नाव काढलं, ते संध्याकाळी जाताना मला सांगायचं."

मला त्यात वावगं वाटलं नाही. लक्ष ठेवायचं म्हणजे हेच असेल, असं धरून चालले.

पहिल्या दिवशी दुपारी खानावळीतून भाकऱ्या आणि डाळ आली. तिनं भाकरी नाकाशी नेली, मोडली, पापुद्रा सोलून उजेडात धरला आणि ताटली परत सारली.

"ही खानावळ कुणाची?"

"मोटार थांबती तितली."

"त्यो तर माझ्या दिराच्या बसण्याउठण्यातला. मी न्हाई खायची."

रात्रीही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाणी मात्र प्यायची, तेही मी तिच्यासमोर आडाचं काढून आधी दोन घोट प्यायले की मग. मला तिचा राग येऊ लागला. आपण विष घालू असं हिला वाटतं? मग उलटाच संशय आला, की ही न खाता एवढी ताठ बसते कशी? हिला कुणी चोरून देत असेल. म्हातारी देत असेल. म्हणून मी तिची पुन्हा झडती घेतली, कांबळी झटकली, कोपरे पाहिले. तिनं हात वर केले आणि मी चाचपत असताना माझ्या डोक्यावर वाकून हळूच म्हणाली, "सापडलं का काय?" काही सापडलं नाही. बरगड्या तेवढ्या हाताला लागल्या.

त्या संध्याकाळी मी हवालदाराला सांगितलं, की बाई खरंच उपाशी आहे. तो म्हणाला, "दोन दिसात खाईल. पोट काय कुणाचं ऐकत न्हाई."

तिसऱ्या दिवशी ती जरा बोलू लागली. नवरा वारलेला, मूल नाही, एक बहीण नेऱ्याला दिलेली. घरी कुणी नाही म्हटल्यावर मी सहज विचारलं, "मग मावशी, तुमच्या जनावराचं काय? दूध कोण काढतं?"

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हस नेऱ्याला हाय. भणीच्या गोठ्यात. कुणाला म्हणू नगंस. दिराचा डोळा हाय तिच्यावर."

मी न म्हणायचं कबूल केलं. आणि संध्याकाळी ऑफिसात हवालदारानं "आज काय?" विचारल्यावर सांगून टाकलं. म्हशीचं बोलणं, त्यात काय एवढं, असं वाटलं. कारकून तिथंच बसला होता. घरी गेल्यावर भाकरी थापता थापता नवऱ्यालाही सांगितलं, कारण दिवसभर तिथं काय झालं ते तो रोज विचारायचा.

चार दिवस गेले. तोवर ती दिवसातून एकदा भाकरीचा मधलाच घास, पापुद्रा काढून, खाऊ लागली होती. त्या दुपारी मी जेवायला घरी आले तेव्हा दुकानात एक माणूस सदरा टाकायला आला होता. तो नवऱ्याला हसत सांगत होता, की डोंगराकडचा कुणीतरी दोघांना घेऊन नेऱ्याला गेला, एका बाईचा गोठा उघडून म्हैस शोधली, आणि म्हैस नाही म्हटल्यावर तिला शिव्या घालून परत आला.

मी हातातला घास पानात ठेवला.

तो माणूस गेल्यावर मी नवऱ्याकडे पाहिलं. तो सुईत दोरा ओवत होता. "तुमी कुणाला बोलला का?"

"कशाचं?"

"म्हशीचं."

"मला काय म्हशी इकायच्यात?"

हे उत्तर झालं नाही. पण त्या बाईच्या दिराचा कोट त्याच आठवड्यात आमच्या दुकानात मापाला आला होता, हे मला माहीत होतं. कोट खुंटीवर अर्धवट लटकत होता. हवालदाराला सांगितलं तेव्हा कारकूनही ऐकत होता. म्हणजे तीन तोंडं. आणि तिन्हींच्या तोंडी घातलेलं मीच. मी पानावरून उठले. दुसऱ्या दिवशी कोठडीत गेले तर तिच्या नजरेला नजर देववेना. तिला अजून काही कळलं नसेल, असं मी समजत होते.

त्या दिवसापासून संध्याकाळी मी हवालदाराला सांगायची, "काय बोलली न्हाई." तो माझ्याकडे बारीक डोळे करून बघायचा.

पुढच्याच दिवशी मी ऑफिसात सही करायला गेले. दाराची एक फळी उघडी होती आणि तिच्यामागे भिंतीकडे तोंड करून एक पत्र्याचा फलक टेकवलेला दिसला. कडेला पांढऱ्या अक्षरांची टोकं दिसत होती. कारकून बाहेर गेला होता. मी तो फिरवला. वर लिहिलं होतं, "कैद्यांसाठी सूचना". खाली ओळी होत्या. ज्यांचा खटला अजून चालायचा आहे अशा कच्च्या कैद्यांना स्वतःचे कपडे वापरता येतील. तपासून घेऊन घरचं जेवण आणि अंथरूण आणता येईल. वकिलाला आणि नातलगांना भेटता येईल, पत्र पाठवता येईल. बायकांना पुरुषांच्या नजरेआड ठेवलं जाईल. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यापुढे तक्रार मांडता येईल आणि त्याबद्दल कुणाला त्रास दिला जाणार नाही.

मी ते दोनदा वाचलं. घरचं जेवण आणता येईल. आणि ती बाई आठवडाभर पापुद्रे सोलत बसली होती.

कारकून आला. मी विचारलं, "हा बोर्ड आत का?"

"रंग ओला होता. वाळला की लावायचा."

"मावशींना घरचं जेवण चालतं म्हणं."

"कच्ची कैदी आहे, चालतं की."

"मग तिला सांगितलं का न्हाई?"

"तिनं विचारलं नाही," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे नीट बघून, "तुम्हाला हे विचारायला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं, पण त्याला ते पटेना. मीही घाईनं निघाले, जणू काही उचलून नेत होते. आणि तसं उचललंच होतं: दुपारी तो जेवायला गेला तेव्हा दुकानातून आणलेल्या खाकी कागदावर, ज्यावर आम्ही कापडाचे आकार काढायचो, पेन्सिलीनं सगळा फलक उतरवून घेतला.

कोठडीत जाऊन मी तिला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, ती आनंदेल. तिनं तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "हे कुणी शिकवून धाडलं?"

"मावशी, बोर्डावर लिवलंय."

"मला वाचता येत न्हाई, हे तुला ठावं हाय. घरचं आणाय सांगायचं, मग वाटंत कुणीतरी त्यात कायतरी कालवायचं, आन म्हणायचं, घरचंच खाऊन मेली. व्हय का न्हाई?"

मी कपाळाला हात लावला. ती मात्र विचार करत होती. समोरच्या खोलीत भावकीच्या मारामारीत धरलेला एक शाळामास्तर होता. ती दाराशी गेली आणि ओरडली, "मास्तर, वाचता का ओ एक कागुद?"

पहाऱ्यावरचा शिपाई तरुण होता, त्याला कळेना की हे चालतं की नाही. तो माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "निस्ता कागद हाय, द्या नेऊन." त्यानं नेऊन दिला.

मास्तर गजाशी येऊन मोठ्यानं वाचू लागला. प्रत्येक ओळीला ती इकडून मान डोलवत होती, आणि मला कळलं, की मी वाचलेलं तिनं ओळीओळीनं पाठ करून ठेवलं होतं आणि आता ती दोन्ही ताडून बघत होती. एका जागी तिनं थांबवलं.

"'तपासून' म्हंजी कोण तपासणार?"

"पहारेकरी तपासणार," मास्तर म्हणाला.

"त्यांच्याम्होरं आणणारानं आधी खाल्लं तर?"

"तसं लिहिलेलं नाही. पण नको असंही नाही."

तोवर पुरुषांच्या खोलीतले बाकीचे गजाशी जमा झाले होते. एकानं विचारलं, पत्राचं पुन्हा वाचा. दुसरा म्हणाला, वकिलाला भेटता येतं तर मला पंधरा दिवसांत कुणी का सांगितलं नाही? आवाज वाढला. हवालदार अंगात सदरा चढवत बाहेर आला, मास्तरच्या हातातला कागद ओढून घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हसत नव्हता.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"कैद्यांना चेतवायला ठिवलंय का तुमाला?"

"जे भिंतीवर लावायचं ते उतरवलंय."

त्यानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "प्रांतसाहेब तपासणीला यायचेत. त्यानंतर बघतो तुमच्याकडं."

तपासणी दोन दिवसांनी होती. आदल्या दिवशी भिंतींना चुना लागला. कपाटातून नवी कांबळी निघाली, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास होता. संडासाच्या उघड्या बाजूला गोणपाट बांधलं. हवालदारानं मला बजावलं, की साहेब विचारतील ते कैद्याला विचारतील, तुम्हाला नाही. घरी नवरा म्हणाला, "गप ऱ्हा. आपलं दुकान त्यांच्या कपड्यांवर चालतंय." मी विचारलं, "का दिराच्या कोटावर?" आमच्यात त्या दिवशी पुढे बोलणंच झालं नाही.

प्रांतसाहेब चष्म्यातले, थकल्यासारखे दिसणारे गृहस्थ होते. कांबळी हातानं चाचपली, पाण्याचं मडकं बघितलं. कोठडीच्या दारात उभं राहून तिला विचारलं, "जेवण मिळतं? काही तक्रार आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. सरळ, निवांत. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "न्हाई. समदं बेस हाय."

हवालदारानं श्वास सोडलेला मला ऐकू आला. साहेब वळले. मला त्या क्षणी तिचा एवढा राग आला, की त्या रागातच तोंड उघडलं.

"साहेब, ह्या बाईनं दहा दिवस पोटभर खाल्लेलं न्हाई. हिला घरचं जेवण चालतं हे हिला कुणी सांगितलेलं न्हाई. संडासाला गोणपाट काल बांधलंय. काल सकाळपातुर ही समोरच्या गड्यांच्या नजरंत बसत होती."

"तुम्ही कोण?"

"हिच्याजवळ ठेवलेली बाई."

समोरून मास्तर गजाला धरून म्हणाला, "त्या खरं सांगतात, साहेब. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून बसत होतो, तेवढंच आमच्या हातात होतं."

साहेबांनी विचारलं, सूचनांचा फलक कुठं आहे? हवालदार म्हणाला, रंग वाळायचाय. साहेब ऑफिसात गेले, दारामागचा फलक स्वतः पुढे ओढला आणि त्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. ते कुणाला रागावले नाहीत. वहीत बराच वेळ लिहीत राहिले, आणि फलक समोर ठोकून होईपर्यंत मोटारीत बसले नाहीत. संडासाला लाकडी दार लावायचं, कैदी आला की पहिल्याच दिवशी सूचना वाचून दाखवायच्या, त्या बाईच्या बहिणीला जेवणाचा निरोप धाडायचा, असं सांगून गेले.

मी कोठडीत परतले ती तिच्यावर तुटूनच पडले. "मावशी, तुमी न्हाई का म्हणाला? एवढा मोठा माणूस दारात आला हुता!"

ती नव्या कांबळ्यावर बसली होती. म्हणाली, "म्हस नेऱ्याला न्हाई. घोटावड्यात हाय, माझ्या मावसभावाकडं. पयल्यापासनं तितंच हाय."

मला आधी काही कळलंच नाही.

"तुझं तोंड कुटं उघडतंय ते बघाया मी तुला नेरं सांगितलं. चार दिसात दीर नेऱ्याला ग्येला. भण इचारत आली हुती मागच्या भिताडाकडनं, म्हातारीला बोलली. मग तुझ्याम्होरं साहेबाला काय सांगू? रातच्याला दिराच्या कानात जाणार."

मी खाली बसले. सगळं सांगितलं. हवालदार रोज विचारायचा ते, कारकून बसलेला असायचा ते, आणि घरीही बोलले ते. रडले नाही, रडले असते तर तिनं तेही नाटक धरलं असतं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तीन ठिकाणी सांगितलं म्हंतीस. कोण फुटला?"

"ठावं न्हाई."

"मग हुडीक. मी आत हाय, तू भाईर हायेस." थोड्या वेळानं म्हणाली, "आज बोललीस ते बरं केलंस. पर मी तुला आजून मानत न्हाई, हे ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी तिची बहीण नेऱ्याहून आली. फडक्यात भाकऱ्या, ठेचा आणि उकडलेली अंडी. शिपायानं फडकं सोडून बघितलं. बहिणीनं प्रत्येक भाकरीचा तुकडा मोडून आमच्यासमोर खाल्ला. मग आतल्या बाईनं जेवायला घेतलं. ती कशी जेवली ते मी लिहिणार नाही. मी तोंड फिरवलं आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात मावसभाऊ जामीन राहिला आणि ती सुटली. नंतर कळलं, की खटला टिकला नाही. ओढा सरकारी, तिथं कुणीही भट्टी लावू शकतं, असं कोर्टानं मानलं. भट्टी तिची होती की दिराची, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. एवढी माणसं पारखणारी बाई स्वतः काय काय लपवू शकली असती, असं कधीकधी मनात येतं.

कोण फुटला, याचा शोध मात्र मी लावू शकले नाही. हवालदाराची बदली झाली तेव्हा तो शिवलेले कपडे न्यायला दुकानात आला आणि आपण होऊन म्हणाला, "बाई, त्या म्हशीचं मी न्हाई बोललो कुणाला." त्याला हे सांगायची गरज का वाटली? नवरा तेव्हा गुंडी लावत होता. त्यानं मान वर केली नाही. कारकूनही त्यानंतर बदलून गेला. नवऱ्याला मी पुन्हा विचारलं नाही. त्यानं दिराचा तो कोट मात्र पुरा केला नाही, कापड तसंच परत धाडलं. ते अपराधी वाटून की माझ्या धाकानं, ते त्याच्याबरोबरच गेलं. आम्ही पुढे पुष्कळ वर्षं सुखानं संसार केला. पण तिथं आत काय झालं ते मी त्याला परत कधी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारायचं सोडलं.

पुढच्या वेळी बाई कैदी आली तेव्हा नवा कारकून दुसऱ्याच कुणाला घेऊन गेला. त्या नेमलेल्या बाईनं दोन दिवसांत काम सोडलं. मग पुन्हा माझ्याकडे आले. मी सांगितलं, येईन, पण संध्याकाळी मला काही विचारायचं नाही. त्यांनी ते कबूल केलं, नाइलाज होता. अशी सात-आठ वर्षं मी जात-येत राहिले.

त्या मधल्या काळात ती बाई एकदा बाजाराच्या दिवशी दुकानात आली. केस पिकले होते. चोळीचा खण पुढे टाकला आणि म्हणाली, "तू शिवायची. गड्यानं न्हाई."

"ठेवून जा मावशी, पुढच्या बाजारी न्या."

"ठिवून न्हाई जायची. बसते हितं."

आणि खरंच बसली. मी कापताना उरलेल्या चिंध्या तिनं स्वतः उचलून पिशवीत घातल्या. मी मशीन चालवत होते आणि ती माझ्या हातांकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "आता तितं कोण हाय?"

"एक पोर हाय. सासूनं चोरीचा आळ घेतलाय. अठरा-एकोणीसची असंल."

"बोर्ड वाचून दावला का?"

"पयल्याच दिशी."

तिनं चोळी उलटी करून टाके ओढून पाहिले, घडी घातली. उठता उठता म्हणाली, "अजून एक सांग तिला. म्हणावं, ही बाय चांगली हाय, पर हिला काय बी सांगू नगंस."

मी दुसऱ्या दिवशी त्या मुलीला ते जसंच्या तसं सांगितलं. ती पोर जेवणाची ताटली हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. सुटेपर्यंत ती माझ्याशी पाणी, जेवण आणि कांबळं यांच्याखेरीज एक शब्द बोलली नाही.